नाव रोमचे, भूमी चेरोकींची

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात रोम नावाचे एक लहानसे शहर आहे. २०२०च्या जनगणनेनुसार त्याची वस्ती सुमारे अडतीस हजार. १८३४ साली पाच गृहस्थांनी ते वसविले. प्रत्येकाने आपल्या पसंतीचे नाव चिठ्ठीवर लिहून टोपीत टाकले आणि ‘रोम’ ही चिठ्ठी निघाली. भोवती टेकड्या होत्याच. सात टेकड्यांच्या प्राचीन राजधानीशी नाते जोडणे त्यामुळे सोपे गेले. पुढे १९२९ साली मुसोलिनीच्या आज्ञेवरून, जुळ्या बालकांना पाजणाऱ्या लांडगीचा पुतळाही या शहराला भेट मिळाला. महायुद्धामुळे १९४० साली तो हलविण्यात आला आणि १९५२ साली नगरभवनापुढे पुन्हा उभा राहिला.

ही हकिकत रंजक खरी. पण ती अपुरी आहे. शहर वसले ती भूमी निर्जन नव्हती. तेथे चेरोकी लोक राहत होते आणि त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांचे घरही तेथेच होते. १८३२ साली राज्याने चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या. त्या सोडतीत रॉस यांचे घरही गेले. गावाचे नाव चिठ्ठीने ठरण्यापूर्वी गावाच्या जमिनीचा निकालही असा चिठ्ठीनेच लागला होता!

चेरोकींना रानटी ठरवून या अन्यायाचे समर्थन करता येत नाही. जवळच न्यू एकोटा येथे त्यांची राजधानी होती. सेक्वोया या चेरोकी गृहस्थाने घडविलेल्या लिपीत तेथून १८२८ पासून वृत्तपत्र निघत होते. या राजधानीचे नावही चोटा या त्यांच्या जुन्या प्रमुख नगरावरून ठेवलेले होते. पूर्वजांच्या नगराचे नाव पुढे चालविण्याचा खरा अधिकार ज्यांना होता, त्यांनाच १८३८ साली सैनिकांच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे घालविण्यात आले. त्या वाटेवर हजारो माणसे दगावली. चोटाची जागाही १९७९ साली टेलिको धरणाच्या जलाशयाखाली गेली.

रोम शहरात ऊस्टनॉला आणि एटोवा या नद्यांचा संगम होतो आणि तेथून कूसा नदी वाहू लागते. ही तिन्ही नावे तेथील मूळ रहिवाशांकडून आलेली आहेत. नव्या नगराला प्राचीन नाव दिल्याने त्याची प्रतिष्ठा वाढत असेल. त्याचा इतिहास मात्र बदलत नाही. तो जाणून घ्यायचा, तर नगरभवनापुढील पुतळ्याकडून संगमाकडे वळले पाहिजे.