नगरचा उन्हाळा आणि गेमिंग लॅपटॉपची पेस्ट

एप्रिल-मेमध्ये अहिल्यानगरचा पारा चाळिशीपार जातो, त्यात धूळ. गेम लावताच प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन फ्रेम्स पडत असतील, तर आधी पंखे आणि जाळी साफ करा. तरी फरक नाही? मग थर्मल पेस्ट बदला. वॉरंटीच्या अटी मात्र आधी वाचा.

🔧 झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

🔧 हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा आकडे छापलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने, सोडवताना उलट क्रमाने, थोडे थोडे फिरवा.

🔧 खडूसारखी सुकलेली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपची चिप उघडी असते, म्हणून नवी पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरवा.

🔧 थर्मल पॅड बदलत असाल, तर त्यांची जाडी मूळ पॅडइतकीच हवी. १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा कडक पॅड लावला, तर हीटसिंक उचलला जातो आणि प्रोसेसरच्या चिपला नीट टेकत नाही.

🔧 पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावणं नवख्यांनी टाळा. त्यातून वीज वाहते आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. त्यापेक्षा हनीवेलचं पीटीएम ७९५० हे फेज-चेंज मटेरियल घ्या. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरतं आणि पेस्टसारखं लवकर सुकत नाही.

कामाआधी आणि नंतर, एकाच गेममध्ये, एकाच खोलीत तापमान मोजा आणि कमेंटमध्ये आकडे टाका!