जुनी फोर-व्हील पिक-अप व तिची संपूर्ण दुरुस्ती

चौक, खालापूर व कर्जत या बाजूस ज्यांचीं शेतें डांबरी सडकेपासून दूर, डोंगराच्या पायथ्याशीं आहेत, त्यांस चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीचें मोल सांगावयास नको. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां वाडीस गाडीरस्ताच नसल्यानें बचावपथकांस डोंगर पायीं चढावा लागला. रस्ता नाहीं तेथें यंत्राचा इलाज चालत नाहीं. पण जेथें कच्चा कां होईना रस्ता आहे, तेथें आजाऱ्यास खालीं आणणारी गाडी ऐन आषाढांत दगा देणारी असूं नये. सबब जुनी गाडी मोडींत घालण्यापूर्वीं तिच्या दुरुस्तीचा विचार कसा करावा, तें येथें लिहितों.

महिंद्रा कंपनीच्या जुन्या जीप व पिक-अप गाड्यांपैकीं पुष्कळांत प्यूजो जातीचें एक्स-डी-पी ४.९० हें डिझेल इंजिन असतें. नांवांतच त्याची ओळख आहे : चार नळकांडीं, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची धांव ८३ मिलिमीटर. एकूण माप २,११२ घन सेंटिमीटर भरतें. याचे लाइनर ब्लॉकमध्यें वेगळे बसविलेले असून त्यांच्याभोंवतीं पाणी खेळतें. ते झिजले म्हणजे ब्लॉक न कोरतां काढून नवे घालतां येतात, हा मोठाच गुण होय. मात्र लाइनरचा माथा ब्लॉकच्या सपाटीहून किंचित वर राहिला पाहिजे. तो खालीं बसल्यास हेडचें गॅस्केट पुन्हां जळणार; आणि बुडाचें सील कुजल्यास पाणी तेलांत उतरणार.

मोजणी केल्यावांचून हद्द सांगूं नये, ही आमच्या दफ्तरची शिस्त. ती येथेंहि लागू आहे. इंजिन खोलण्यापूर्वीं चारही नळकांड्यांचा दाब मोजून आंकडे वहींत लिहून घ्यावे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा असल्यास बहुधा नोझल, पंप किंवा हवेचा फिल्टर यांचा दोष असतो, व त्यासाठीं इंजिन उतरविण्याचें कारण नाहीं. कित्येक मिस्त्री केवळ रिंगा बदलून गाडी परत करितात. लाइनर अंडाकृति झिजला असतां त्यांत नव्या रिंगा घालणें हा पैशाचा शुद्ध अपव्यय आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. क्रँकचेंहि माप घ्यावें, आणि तो घासावा लागल्यास बेअरिंगें त्याच मापाचीं आणावीं.

परंतु सारा पैसा इंजिनांत ओतून पुढें कांहींच न पाहणें, ही चूक त्याहून महाग पडते. नव्या दमाचें इंजिन झिजलेल्या शाफ्टच्या क्रॉसांस व जुन्या दांत्यांस प्रथम तोडतें. गिअरबॉक्सच्या मागें ट्रान्स्फर केस असतो. तेथून एक शाफ्ट मागील व एक पुढील आंसाकडे जातो. शाफ्ट उतरवितांना त्याच्या दोन्ही अंगांस खूण करावी, ती खडूनें नव्हे तर छिन्नीनें. पूर्वीच्याच दांत्यांत तो न बसल्यास गाडी थरथरते. दोन्ही आंसांच्या डिफ्रन्शियलमधील दांत्यांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. भंगारांतून एखादें हौसिंग आणून बसविणारे हें मोजीत नाहींत. मग पुढची ओढ घालतांच दोन्ही आंस एकमेकांशीं झुंजूं लागतात. टायरहि चारही एका मापाचे हवे. या जुन्या गाड्यांत पुढच्या व मागच्या आंसांमधील फरक सोसणारी योजना नसते. चिखलांत चाक घसरून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो दांत्यांवर येतो. म्हणून सडकेवर पुढची ओढ बंदच ठेवावी.

आपल्याकडे खरा शत्रु पाणी होय. गाडी चालून तापलेला आंस ओढ्याच्या थंड पाण्यांत उतरला म्हणजे आंतील हवा आकसते, आणि वरचें हवेचें छिद्र चिखलानें बुजलें असल्यास झिजलेल्या सीलवाटे पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधाळ दिसलें कीं तें त्याच दिवशीं काढून टाकावें. पुढील चाकांजवळच्या गोलकांचीं सीलें तर दुरुस्तींत नवींच घालावीं. त्यांची किंमत बेअरिंगांच्या मानानें क्षुल्लक आहे.

काम काढण्यास भात झोडून झाल्यावरचा काळ, म्हणजे मार्गशीर्ष ते फाल्गुन, उत्तम. मृग तोंडावर आला असतां इंजिन खोललें तर मिस्त्री घाईनें मिटवितो. शिवाय नवें काम झालेल्या इंजिनावर पहिले हजार किलोमीटर पुरा बोजा घालूं नये, व पांचशेंच्या सुमारास तेल बदलावें; एवढा अवधि पावसाळ्यापूर्वीं मिळाला पाहिजे.

इंजिनच दुसरें बसविलें असेल तर त्याचा क्रमांक परिवहन कार्यालयांत नोंदवून घ्यावा. सात-बारावर फेरफार न चढविल्यानें पुढें कसे तंटे होतात हें वाचकांस ठाऊकच आहे. येथें विमा मागतांना तोच प्रकार होतो. काढलेले जुने भाग मात्र मिस्त्रीकडे न सोडतां पोत्यांत भरून घरीं आणावे, आणि बिलांतील प्रत्येक बाब त्यांच्याशीं ताडून पाहूनच पैसे चुकते करावे.