पाळी न येणारी मुलगी : जन्मजात गर्भाशय-अभावाची ओळख

मुलगी कॉलेजात गेली तरी ‘शहाणी’ झाली नाही, ही गोष्ट पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील घरात आई-आजीपलीकडे सहसा जात नाही. उंची, बांधा, छातीची वाढ वयाप्रमाणे असते. म्हणून ‘उशिरा येईल’ असे म्हणत वर्षे जातात. काहींना खरे कारण लग्नानंतरच कळते, आणि दोष मात्र मुलीच्या माथी येतो.

अशा अनार्तवाच्या कारणांपैकी एक म्हणजे मायर-रोकिटान्स्की-क्युस्टर-हाउझर विकृती. सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीत ती आढळते. गर्भावस्थेत म्युलेरियन नलिकांच्या जोडीपासून गर्भाशय, बीजवाहिन्या व योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. या विकृतीत त्यांची वाढ खुंटते. बीजांडकोशांचा उगम वेगळा असल्याने ते शाबूत राहतात. म्हणूनच संप्रेरके नेहमीसारखी स्रवतात, गुणसूत्रे ४६, एक्सएक्स अशीच असतात. बाहेरून काही दिसत नाही. ती सर्वार्थाने स्त्रीच होय. आईच्या गरोदरपणातील खाण्यापिण्याला किंवा ग्रहणाला यात दोष देण्यास आधार नाही.

पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर तपासणी करून घ्यावी. कॉलेजातील शिक्षिकेच्या कानावर अशी गोष्ट आली तर वर्गात वाच्यता न करता, मुलीच्या संमतीने तिला आईसह डॉक्टरांकडे पाठवावे. पाळी आणण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. गर्भाशयच नसेल तर त्यांनी रक्तस्राव होणार नाही, वेळ मात्र जाईल. पाळी नाही पण दर महिन्याला पोटात कळा येतात, अशा मुलीत गर्भाशय असून बाहेरची वाट बंद असू शकते. तिथे विलंब करू नये.

निदानाला सोनोग्राफी, रक्ततपासणी व गरजेप्रमाणे एमआरआय पुरते. तालुक्याच्या आरोग्य केंद्रातून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय व पुढे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असा मार्ग आहे. मूत्रपिंडेही तपासावीत, कारण बऱ्याच जणींत एकच मूत्रपिंड असते किंवा ते जागेवर नसते. मणका व श्रवणातही दोष आढळू शकतात.

वैवाहिक जीवनासाठी योनिमार्ग डायलेटरच्या नियमित वापराने, शस्त्रक्रियेविना, बहुतेकींत पुरेसा वाढवता येतो. ही पद्धत मुलगी स्वतः तयार झाल्यावरच सुरू करावी. घरच्यांची घाई येथे उपयोगाची नाही.

अपत्याचा प्रश्न अधिक कठीण. स्वीडनमध्ये २०१४ साली गर्भाशय-प्रत्यारोपणानंतर जगातील पहिले मूल जन्मले. त्या मातेला जन्मतः गर्भाशय नव्हते. भारतातील पहिले असे प्रत्यारोपण १८ मे २०१७ रोजी पुण्यात गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केले. सोलापूरकडील या तरुणीला जन्मतः गर्भाशय नव्हते. दाता तिची आई होती. हा उपाय खर्चिक असून प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून औषधे घ्यावी लागतात. बीजांडे स्वतःची असल्याने सरोगसीचाही मार्ग आहे. २०२१ च्या कायद्याखालील नियमांत गर्भाशय नसणे हे ग्राह्य कारण आहे, मात्र ती निःस्वार्थ असावी लागते.

मुस्लिम कुटुंबात दत्तकाचा विषय निघताच नसबचा प्रश्न येतो. इस्लामी कायद्यात दत्तकाने वंश बदलत नाही. अनाथाचे पालन मात्र मोठे पुण्यकर्म मानले जाते. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेण्याची मुभा कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस आहे, पण सक्ती कोणावरच नाही, असे स्पष्ट केले. वंशाचे नाव न बदलता पालकत्व घ्यावयाचे की कायदेशीर दत्तक, हे त्या दांपत्याने ठरवावयाचे आहे.