मल्लांचे मानांकन (महाराष्ट्र)

मल्लांचे मानांकन म्हणजे कोणता मल्ल कोणापेक्षा सरस आहे आणि त्याने पुढे कोणाशी लढावे हे ठरविण्याची रीत होय. व्यावसायिक मिश्र युद्धकला आणि मुष्टियुद्ध या खेळांत ते क्रमवारीच्या रूपात नियमितपणे जाहीर होते. महाराष्ट्रातील कुस्तीत अशी सर्वमान्य क्रमवारी नाही. येथे मल्लाचा दर्जा दोन निरनिराळ्या ठिकाणी ठरतो. एक म्हणजे जत्रेच्या मैदानात त्याच्यासाठी लागणारी जोड व तिच्यावर ठेवलेले इनाम, आणि दुसरे म्हणजे महाराष्ट्र केसरी स्पर्धेची मानाची गदा. या दोन्हींचे निकाल एकत्र मांडणारी व्यवस्था नसल्यामुळे एखाद्या लढतीचा, प्रसंगी पंचाच्या एखाद्या निर्णयाचा, मल्लाच्या कारकिर्दीवर फार मोठा परिणाम होतो.

जोड आणि इनाम

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, म्हणजे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर स्थानकाच्या परिसरात, तसेच पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक भागांत ग्रामदैवताच्या जत्रेला कुस्त्यांचे मैदान भरविण्याची परंपरा आहे. मैदानाचा खर्च लोकवर्गणीतून व देणगीदारांच्या इनामांतून भागतो. मोठ्या कुस्त्या आधीच नेमल्या जातात आणि पत्रकावर मल्लांची नावे, त्यांच्या तालमी व इनामाची रक्कम छापली जाते. सर्वाधिक इनामाची कुस्ती ‘एक नंबरची’ म्हटली जाते व ती सर्वांत शेवटी लागते. तिच्याखाली दोन नंबरची, तीन नंबरची असा उतरता क्रम असतो. हे पत्रक म्हणजे त्या गावापुरती आणि त्या दिवसापुरती क्रमवारीच होय. एखादा मल्ल गेल्या वर्षी तीन नंबरला लढला आणि यंदा एक नंबरला नेमला गेला, तर त्याची चढती कमान जाणकारांना पत्रकावरूनच कळते.

लहान कुस्त्यांच्या जोडी मात्र मैदानातच लागतात. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर होतात. नंतर लांग चढविलेले मल्ल मैदानात फेरी मारतात व वस्ताद आणि जुने पैलवान त्यांची अंगलट, उंची, वय व तालीम पाहून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. येथे वजनकाटा नसतो. जोड तोलामोलाची आहे की नाही, हे नजरेनेच ठरते. आपल्या मल्लाला ती मान्य नसेल तर वस्ताद नकार देऊ शकतो. पण वारंवार नकार देणाऱ्या मल्लाविषयी चांगले बोलले जात नाही.

मैदानी कुस्तीत गुण मोजण्याला पारंपरिक स्थान नाही. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली, म्हणजे तो चितपट झाला, तरच कुस्ती निकाली ठरते. दीर्घ काळ खडाखडी होऊनही निकाल लागला नाही, तर ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून दिले जाते. त्यामुळे मल्लाची किंमत त्याने किती कुस्त्या निकाली केल्या यावर वाढते. संगनमताने केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. ज्या व्यवस्थेत सारा हिशेब लोकांच्या आठवणीत राहतो, तेथे असा संशय मल्लाच्या नावाला दीर्घकाळ चिकटून राहतो.

महाराष्ट्र केसरीची गदा

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. तिच्या वतीने १९६१ मध्ये औरंगाबाद येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे पहिले विजेते दिनकर दह्यारी होते. या किताबासाठीचा वजनगट ८६ ते १२५ किलो असा मोठा आहे. लढती माती आणि गादी अशा दोन विभागांत होतात व दोन्ही विभागांचे विजेते अंतिम फेरीत एकमेकांशी भिडतात. हरलेला मल्ल स्पर्धेबाहेर जातो. त्याची मागील कामगिरी विचारात घेतली जात नाही.

स्पर्धेत प्रवेश जिल्हा व शहर तालीम संघांच्या निवड चाचणीतून मिळतो. एका जिल्ह्यात तुल्यबळ मल्ल अनेक असले तरी जागा मोजक्याच असतात. म्हणून काही मल्ल जन्मगावाऐवजी दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरतात. करमाळा तालुक्यातील खडकीचे बाला रफीक शेख यांनी डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे आदल्या वर्षीचे विजेते अभिजित कटके यांना ११–३ असे हरवून गदा मिळविली, तेव्हा ते बुलढाणा जिल्ह्याचे प्रतिनिधी होते.

स्पर्धेतील लढती आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांच्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळविल्यास दोन गुण, तर उभ्या स्थितीतून थेट पाठ धोक्यात येईल असे टाकल्यास चार गुण मिळतात. जानेवारी २०२३ मध्ये पुणे येथे माती विभागात महेंद्र गायकवाड व सिकंदर शेख या सोलापूर जिल्ह्यातीलच दोन मल्लांची गाठ पडली. गायकवाड यांच्या ‘बाहेरची टांग’ या डावाला पंचांनी चार गुण दिले. शेख स्पर्धेबाहेर गेले आणि त्या गुणांवरून राज्यभर वाद झाला. मैदानी कुस्तीत या डावाने निकालच लागला नसता. अंतिम फेरीत शिवराज राक्षे यांनी गायकवाड यांना चितपट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे शेख यांनी राक्षे यांना हरवून गदा जिंकली. जानेवारीत कोण श्रेष्ठ होता, याचे उत्तर गदेच्या नोंदींतून मिळत नाही.

गुंता एवढ्यावर थांबत नाही. संघटनांतील वादामुळे नोव्हेंबर २०२३ मध्येच धाराशिव येथे आणखी एक महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व ती राक्षे यांनी जिंकली. २०२५ मध्येही अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जत येथे सोलापूर जिल्ह्यातील वेताळ शेळके असे दोन विजेते झाले. अहिल्यानगरच्या स्पर्धेत चितपटीच्या निर्णयावर आक्षेप घेत राक्षे यांनी पंचांना लाथ मारली, तर गायकवाड अंतिम लढत अर्धवट सोडून निघून गेले. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. वर्तनाचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र संपूर्ण वर्षाची मेहनत एकाच निर्णयावर टांगलेली असते, हे त्यामागचे वास्तवही नाकारता येत नाही.

महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली व प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या.

इतर खेळांतील क्रमवारी

अमेरिकेतील अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप या मिश्र युद्धकलेच्या संस्थेने २०१३ मध्ये क्रमवारी सुरू केली. तिच्यात गुणांचे सूत्र नसून निवडक पत्रकार प्रत्येक वजनगटासाठी मत देतात व त्यावरून पंधरा जणांची यादी बनते. विजेता क्रमांकांच्या वर, स्वतंत्र मानला जातो. ही यादी आयोजकांवर बंधनकारक नाही. अधिक प्रेक्षक खेचणाऱ्या लढवय्याला वरच्या क्रमांकाच्या आधी किताबाची लढत मिळू शकते. म्हणजे दिसायला आकडेवारी असली तरी मुळाशी जाणकारांची नजर आणि आयोजकांची सोय हेच आहे, आणि या बाबतीत ती जत्रेच्या पत्रकापासून फार दूर नाही. जागतिक कुस्ती महासंघाची २०१८ पासूनची मानांकन मालिका वेगळी आहे. तेथे ठरावीक स्पर्धांतील कामगिरीला गुण मिळतात आणि त्यांवरून मोठ्या स्पर्धांत मानांकन देऊन बलाढ्य मल्ल सुरुवातीलाच एकमेकांसमोर येणार नाहीत अशी व्यवस्था केली जाते.

मिश्र युद्धकलेतील विजेत्याला किताब राखण्यासाठी लढावे लागते आणि हरल्यास पट्टा दुसऱ्याकडे जातो. महाराष्ट्र केसरीची गदा परत घेतली जात नाही. पुढे कितीही कुस्त्या गमावल्या तरी किताब मल्लाच्या नावामागे आयुष्यभर लावला जातो, आणि मैदानाच्या पत्रकावर तो छापला की इनामाची रक्कमही त्या मानाने वाढते.