मल्टिटूल घेताना आधी खटका बघा

मागच्या भागात आपण टॉर्चविषयी बोललो. आज त्याच पिशवीतली दुसरी वस्तू घेऊ. मल्टिटूल, म्हणजे एकाच मुठीत पक्कड, चाकू, करवत, कानस, कात्री आणि स्क्रूड्रायव्हर. किल्लीच्या कडीला अडकवायची छोटी खेळणी आज बाजूला ठेवतो. मी बोलतोय ते पूर्ण आकाराच्या मल्टिटूलबद्दल. मिटल्यावर १० ते ११.५ सेंटिमीटर, वजन २०० ते ३५० ग्रॅम, आणि ज्याच्या पकडीनं खरोखर काम होतं असं.

मी सिग्नल्सचा माणूस. केबल ओढणं, जोडणं, तुटली की शोधून पुन्हा जोडणं, हे आमचं काम. १९८४ च्या हिवाळ्यात लडाखमध्ये एका पोस्टची लाइन तुटली. मी दोन वर्षं नोकरी झालेला लेफ्टनंट, लाइन पार्टीबरोबर निघालो. लाइनमनकडे पक्कड आणि चाकू असतोच, पण आमच्या नाईकाचा चाकू वाटेत बर्फात कुठेतरी पडला. मी ऐटीत माझा काढून दिला. मामांनी भेट दिलेला, सहा-सात पात्यांचा, दिसायला देखणा. पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहायचं. उघडल्यावर ते अडकवून धरणारा खटका त्याला नव्हता. नाईकानं केबलच्या वेष्टणात टोक रुतवलं आणि जोर लावला. हात बधिर झालेले, जोर पात्याच्या पाठीवर गेला, पातं उलटं मिटलं आणि त्याच्या उजव्या तर्जनीवर बसलं. बोट वाकवणारी कंडरा तुटली. टाके पडले, जखम भरली, पण बोट पुन्हा पूर्ण मिटलं नाही. ज्याची मूठ नीट वळत नाही त्याला खांबावर चढवत नाहीत. त्याची बदली स्टोअरमध्ये झाली.

चाकू वाईट नव्हता. फळं कापायला आजही मी तसाच वापरतो. चूक माझी होती. कोणत्या कामाला काय द्यायचं, हे मला कळत नव्हतं. म्हणून दुकानदार ‘यात अठरा टूल्स आहेत, यात सत्तावीस’ असं सांगू लागला की मी त्याला थांबवतो आणि आधी पातं उघडतो.

पातं पूर्ण उघडलं की ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मग पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हलकेच दाबा. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. मिटायला लागलं तर ते टूल परत द्या. नंतर करवत आणि स्क्रूड्रायव्हर यांचीही हीच परीक्षा घ्या. स्क्रूवर दाब देताना स्क्रूड्रायव्हर मिटला तर तोही बोट चिमटतो. आणखी एक गोष्ट. खटका सोडवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो का, ते पाहा. काही रचनांमध्ये येतो. तिथे मिटवण्याची सवय दहा-वीस वेळा सावकाश करून घ्यावी लागते.

या वस्तूचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून रचना कळते. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याचे टिम लेदरमन १९७५ मध्ये पत्नीबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होते. गाडी आणि हॉटेलचे नळ सतत बिघडायचे. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. त्यांना खिशात मावणारी पक्कड हवी होती, आणि बाकीची हत्यारं तिच्या दांड्यांत बसवायची होती. पेटंट १९८० मध्ये मिळालं, विक्री १९८३ मध्ये सुरू झाली. म्हणजे मल्टिटूल हा पक्कड चिकटवलेला चाकू नव्हे. ती चाकू पोटात घेतलेली पक्कड आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं १९९३-९४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर सोमालियात, दुसऱ्या देशाच्या एका सार्जंटच्या कमरेला. त्यानं कौतुकानं हातात दिलं. मी पातं उघडून पाहिलं, तर त्यालाही खटका नव्हता. खटक्याची मॉडेलं त्यानंतर रुळली.

तेव्हा दुसरी परीक्षा पकडीची. ती मिटून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांवर नेमकी बसली पाहिजेत. एक वर, एक खाली, किंवा मध्ये तिरपी फट दिसली तर त्या पकडीत बारीक तार धरली जाणार नाही. मग कागद टोकात धरून ओढा. निसटता कामा नये. जबडे डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत खेळ असेल तर स्वस्तातली नक्कल समजा. शेवटी मूठ जोरात आवळा. दांड्यांच्या कडा तळहातात रुततात का? दुकानात दोन सेकंदांत जे टोचतं, ते छतावर अर्धा तास तारेचं काम करताना फोड आणतं.

आणि पकडीच्या मर्यादाही ओळखा. नळाच्या मोठ्या नटाला पाना लागतो. पकडीनं फिरवायला गेलात तर नटाचे कोपरे जातील. तार कापायच्या धारेत तांब्याची किंवा साधी लोखंडी तार घाला. स्प्रिंगची कडक तार घातलीत तर धारेला खाच पडणारच.

आता प्रत्यक्ष मॉडेलं. लेदरमनचं वेव्ह १९९८ मध्ये आलं. त्याचं वैशिष्ट्य असं की पक्कड न उघडता पाती बाहेरूनच, एका हातानं उघडतात. शिडीवर उभं राहून दुसऱ्या हातानं आधार धरलेला असताना याचं मोल कळतं. आजच्या वेव्ह प्लसचं वजन २४१ ग्रॅम आहे आणि तार कापायच्या धारा झिजल्या तर बदलता येतात. मात्र त्याचे स्क्रूड्रायव्हरचे बिट चपटे, कंपनीच्याच मापाचे असतात. बाजारातला सहा कोनी बिट त्यात थेट बसत नाही. बिट हरवला की हात चोळत बसायचं. त्याच घरातलं सर्ज अंगानं थोरलं आणि वजनानंही जड. त्यात जिगसॉ मशीनची पाती लावता येतात. शेतावर, वर्कशॉपमध्ये, गाडीच्या डिकीत उत्तम. पॅन्टच्या पट्ट्याला मात्र दिवसभर ओझं.

व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल २९० ग्रॅमच्या आसपास. सगळी हत्यारं बाहेरूनच उघडतात, प्रत्येकाला खटका आहे, आणि खटका सोडवायची कळ सरकवायची असते, त्यामुळे अंगठा पात्यासमोर जात नाही. माझ्यासाठी हे फार मोठं. स्क्रूड्रायव्हर वेगवेगळे, जोडलेलेच, त्यामुळे हरवायला काही नाही. नेहमीच्या मॉडेलची पाती नखानं, दोन हातांनी उघडावी लागतात. त्याची धाकटी बहीण स्पिरिट, १०.५ सेंटिमीटर आणि दोनशे ग्रॅमच्या जरा वर. सहा वर्षांपासून माझ्याजवळ तीच आहे. जड टूल चांगलं असतं, पण जड टूल घरी राहतं. माझं स्विसटूल महूच्या घरात कपाटात आहे आणि स्पिरिट बाजारात, बँकेत, नातवाच्या सायकलीजवळ माझ्याबरोबर. घ्यायच्या आधी तेवढ्याच वजनाची वस्तू, समजा एक मोठा आंबा, आठवडाभर खिशात वागवून बघा. हसू नका, मी लोकांना हेच सांगतो.

चांगल्या टूलची किंमत पाच आकड्यांच्या आसपास जाते. तेवढे पैसे नसतील तर संशयास्पद मल्टिटूल घेण्यापेक्षा देशी बनावटीची चांगली पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक साधा चाकू कापडात गुंडाळून ठेवा. काम अधिक चांगलं होईल. खोल भोकातला स्क्रू तर कुठल्याच मल्टिटूलला पुरेसा मिळत नाही, त्याचं जाड अंग आड येतं.

विजेबद्दल मात्र हुकूमच देतो. या दांड्या उघड्या पोलादाच्या असतात. त्यांवर विजेपासून वाचवणारं आवरण नाही. घरातली वीज २३० व्होल्टची असते. मेन स्विच बंद, टेस्टरनं तपासणी, मगच तारेला हात. ‘रबरी चप्पल घातली आहे’ हे कारण मी ऐकून घेत नाही. सोलण्याच्या खाचेतून तार ओढण्याआधी घरातल्या सगळ्यांना मेन बंद केल्याचं सांगा, नाहीतर कुणीतरी पंखा फिरेना म्हणून चालू करतं.

प्रवासाचं सांगायचं तर विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही. चेक-इनच्या सामानात टाका. मी एकदा विसरलो. रांग लांब, वेळ कमी, माझं जुनं टूल तिथल्या पेटीत टाकून पुढे जावं लागलं. तपासणाऱ्या पोरानं नियम पाळला, दोष माझाच. मेट्रो, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, मोठ्या सभा, इथेही पातं असलेली वस्तू अडवली जाऊ शकते. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि आपलं पातं जेमतेम ३ इंचांचं, हे खरं. पण दारावरच्या शिपायाशी तो वाद घालू नका. बंदीचे आदेश जागेनुसार आणि दिवसानुसार बदलतात. ‘कशासाठी बाळगता?’ याचं उत्तर सरळ असावं, आणि ‘स्वसंरक्षणासाठी’ हे उत्तर नसावं. आपलं हे हत्यार शब्दशः अवजार आहे.

जे गोव्याला, कोकणात, चेन्नईला किंवा विशाखापट्टणमला राहतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, कमी गंजणारं. खाऱ्या पाण्याचा हात लागला की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, सगळी हत्यारं उघडून पुसा, पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पात्यानं फळं कापत असाल तर पातं वापरण्याआधी धुवा. खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. महूच्या डिसेंबरमध्ये माझ्या पकडीची बिजागरी अशीच आखडली होती, तेव्हा कोमट पाणी आणि साबणानं तासभर घासत बसलो. बायको म्हणाली, ‘एवढं स्वयंपाकघरातलं आडणीवरचं भांडं घासलं असतंत तर!’

तेल घालून झालं की हत्यारं एकेक करून मिटवा, घाईनं नाही. खटका सोडवताना बोटं दांड्याच्या कडेला धरा, खाचेवरून काढून.