लहान ट्रॅक्टर मधूनमधून सुरू का होत नाही? : विजेच्या मार्गातील दोष शोधण्याची पद्धत

पाऊस उघडून जमिनीस वाफसा आलेला असतो, किंवा ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत केवडा रोगावरील फवारणी त्याच सकाळी उरकावयाची असते, आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. असा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. किल्ली फिरवावी तर कधी नुसता ‘टक्’ असा आवाज होतो, कधी तोही होत नाही. दहा वेळा किल्ली फिरविल्यावर अकराव्या वेळी इंजिन एकदम सुरू होते व दिवसभर तक्रार राहत नाही. मिस्त्रीस बोलवावे तर त्याच्यासमोर ट्रॅक्टर पहिल्याच किल्लीस चालू होतो. दोष दिसत नाही म्हणून बहुधा नवी बॅटरी घातली जाते. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा दोषामुळे पैसा व वेळ तर जातोच, परंतु त्याहून मोठा धोका निराळाच आहे. कंटाळलेला चालक खाली उतरून स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पाना किंवा पेचकस टेकवितो व इंजिन फिरवितो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो जागच्या जागी सुरू होऊन पुढे झेपावतो आणि मागील चाकाजवळ उभा असलेला चालक त्याखाली सापडतो. म्हणून हा दोष रीतसर शोधून काढणे हे सोयीचेच नव्हे, तर जीविताच्या सुरक्षिततेचे काम आहे.

विजेचे दोन मार्ग

डिझेल इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली गेली म्हणजे ती तापते व त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. मात्र त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. ते सावकाश फिरल्यास दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतीत निघून जाते व डिझेल पेटत नाही. इंजिन वेगाने फिरविणे हे स्टार्टर मोटारीचे काम होय.

या कामी विजेचे दोन मार्ग असतात. पहिला मोठा मार्ग : बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबलने सोलेनॉइडकडे, तेथून स्टार्टर मोटारीत, आणि मोटारीच्या अंगातून, इंजिन व चॅसिसच्या लोखंडातून अर्थच्या पट्टीने परत बॅटरीच्या ऋण टोकाकडे. लहान ट्रॅक्टरमध्ये या मार्गातून इंजिन फिरताना साधारणपणे शंभर ते दोनशे अँपिअर इतका प्रवाह वाहतो. दुसरा लहान मार्ग : बॅटरीकडून फ्यूजमार्गे किल्लीच्या स्विचात, तेथून क्लच किंवा गिअरच्या सुरक्षा-स्विचातून सोलेनॉइडच्या लहान टोकाकडे. लहान मार्ग हा हुकूम देणारा व मोठा मार्ग काम करणारा, असे म्हणता येईल. सोलेनॉइड हे या दोहोंमधील दार आहे. त्यातील गुंडाळीस वीज मिळाली की आतील तांब्याची चकती दोन मोठ्या बोल्टांवर दाबली जाऊन मोठा मार्ग जोडला जातो. ‘टक्’ असा आवाज येतो तो याच वेळी.

दिवे लागतात, मग बॅटरी चांगलीच?

हा समज पुष्कळांचा असतो, परंतु तो बरोबर नाही. समजा, बॅटरीच्या टोकावर गंज चढल्यामुळे तेथे ०.०२ ओहम इतकाच रोध निर्माण झाला आहे. समोरच्या दिव्यास सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून तेथे फक्त ०.१ व्होल्ट वाया जातो व दिवा लख्ख लागतो. परंतु स्टार्टरसाठी १५० अँपिअर प्रवाह वाहू लागताच त्याच जागी ३ व्होल्ट वाया जातात आणि १२ व्होल्टच्या बॅटरीतील केवळ सुमारे तीन चतुर्थांश दाब मोटारीपर्यंत पोहोचतो. नव्या बॅटरीने काही दिवस काम चालते याचे कारणही यातच आहे. तिचा जोर अधिक असल्याने ती वाटेतील अडथळा कसाबसा ओलांडते. अडथळा वाढला की मूळ तक्रार परत येते.

दोष मधूनमधून का दिसतो, हेही समजून घ्यावे. सैल जोड धक्क्याने कधी टेकतो, कधी सुटतो. सोलेनॉइडची चकती प्रत्येक वेळी थोडी फिरून टेकत असल्याने जळलेला भाग समोर आला की मार्ग जुळत नाही व चांगला भाग आला की जुळतो. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, म्हणून काही ट्रॅक्टर सकाळी सुरू होतात व दुपारी गरम असताना अडून बसतात. फवारणीच्या औषधाचे तुषार व धुण्याचे पाणी जोडांत शिरल्यानेही गंज चढतो.

लक्षणांवरून अंदाज

ट्रॅक्टर अडेल तेव्हा घाईने किल्ली फिरवीत न बसता लक्षण नीट पाहून टिपून ठेवावे. इंजिन गरम होते की थंड, पाऊस झाला होता की ट्रॅक्टर नुकताच धुतला होता, याचीही नोंद करावी.

१. किल्ली फिरविल्यावर दिवे मंदही लागत नाहीत व आवाजही नाही : बॅटरीची टोके, मुख्य फ्यूज व अर्थची पट्टी पाहावी.

२. दिवे चांगले लागतात, परंतु ‘टक्’ आवाज येत नाही : दोष बहुधा लहान मार्गात, म्हणजे किल्लीचा स्विच, सुरक्षा-स्विच किंवा त्यांच्या तारांत असतो. क्लच पूर्ण दाबून व गिअर न्यूट्रलमध्ये एकदा हलवून पाहावा. त्याने इंजिन फिरले तर सुरक्षा-स्विच झिजला किंवा सरकला आहे, असे समजावे.

३. एकदाच ‘टक्’ आवाज होतो, मोटार फिरत नाही : मोठ्या मार्गातील जोड, सोलेनॉइडची जळालेली चकती किंवा मोटारीचे झिजलेले कार्बन ब्रश यांचा संशय घ्यावा.

४. ‘टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज होतो : बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकाचा जोड वाईट आहे. प्रवाह वाहताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब वाढतो व तो पुन्हा ओढला जातो.

५. मोटार गरगरते पण इंजिन फिरत नाही : दोष तारांत नसून स्टार्टरच्या दातेरी चक्रात आहे. स्टार्टर उतरवावा लागतो.

६. इंजिन वेगाने फिरते पण पेट घेत नाही : स्टार्टरचा दोष नाही. डिझेल, हवा, बंद करण्याची दांडी किंवा डिझेल तोडणारा विजेचा झडप-सोलेनॉइड पाहावा.

तपासणीचा क्रम

यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हातब्रेक लावावा, पीटीओ सोडवावा, चाकांस उटी लावावी आणि इंजिन पेटू नये म्हणून बंद करण्याची दांडी ओढून ठेवावी. किल्ली फिरविणारा इसम आसनावर बसलेला असावा. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर चालवू नये व मध्ये निदान एक मिनिट विश्रांती द्यावी.

पहिली चाचणी बॅटरीची. रात्रभर स्थिर राहिलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. १२.२ व्होल्ट असल्यास ती सुमारे निम्मी व १२.० व्होल्टखाली जवळजवळ रिकामी समजावी. नंतर इंजिन फिरवीत असता दाब पाहावा. तो ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी भरून पुन्हा चाचणी घ्यावी. भरूनही दाब कोसळल्यास बॅटरी बदलावी. इंजिन चालू असताना टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावयास हवेत. ते न मिळाल्यास दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा रेग्युलेटर यांत आहे.

दुसरी चाचणी मोठ्या मार्गाची. मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकाच्या शिशावर, क्लॅम्पवर नव्हे, टेकवावी व दुसरी सोलेनॉइडच्या केबल-बोल्टवर. सहकाऱ्याने इंजिन फिरवावे. मीटर जो आकडा दाखवील तितका दाब वाटेत वाया जातो. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक नसावा. त्याचप्रमाणे ऋण टोकाचे शिसे व स्टार्टरचे अंग यांच्यामध्ये पाहावे. तेथे ०.२ ते ०.३ व्होल्टहून अधिक आकडा आल्यास अर्थची पट्टी दोषी होय. पुष्कळदा दोष येथेच सापडतो, कारण पट्टीच्या बोल्टखाली रंग, चिखल व गंज साठतो. शेवटी सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये पाहावे. इंजिन फिरत असताना तेथे ०.३ व्होल्टहून अधिक आकडा आला, किंवा ‘टक्’ आवाज होऊनही पूर्ण १२ व्होल्ट दिसत राहिले, तर चकती जळालेली आहे.

तिसरी चाचणी लहान मार्गाची. दोष प्रत्यक्ष दिसत असतानाच ती करावी. किल्ली ‘स्टार्ट’वर धरून सोलेनॉइडच्या लहान टोकावर दाब मोजावा. तो त्या क्षणीच्या बॅटरीच्या दाबापेक्षा एक व्होल्टहून अधिक कमी असेल तर सुरक्षा-स्विच, किल्लीचा स्विच व फ्यूज यांच्या दोन्ही बाजूंस क्रमाने मोजत मागे यावे. ज्या वस्तूच्या एका बाजूस दाब आहे व दुसऱ्या बाजूस नाही, तीच दोषी. तार सोलेनॉइडपासून काढून मोजू नये. तुटत आलेल्या तारेची एकच बारीक काडी शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो, परंतु भार पडताच ती तार निरुपयोगी ठरते.

दुरुस्ती

जोड सोडताना प्रथम ऋण केबल काढावी व जोडताना ती शेवटी लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने स्फोट पावतो, म्हणून जवळ विडी वा दिवा आणू नये. टोकांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. नंतर पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून जोड घट्ट आवळावा व वरून पेट्रोलियम जेली लावावी. अर्थच्या पट्टीखालील रंग खरवडून काढावा.

काही लहान ट्रॅक्टरांत सोलेनॉइडचा सर्व प्रवाह किल्लीच्या व सुरक्षा-स्विचातूनच जातो. सुरुवातीच्या क्षणी तो बराच मोठा असल्याने या स्विचांचे स्पर्शबिंदू जळतात. तेथे ४० अँपिअरचा रिले बसविणे हा चांगला उपाय आहे. स्विचांकडून आलेली जुनी तार रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकास, ८५ अर्थला, ३० फ्यूजमार्गे बॅटरीच्या धन टोकास व ८७ सोलेनॉइडच्या लहान टोकास जोडावे. जुनी तार सुरक्षा-स्विचातून गेल्यानंतरचीच घ्यावी, म्हणजे संरक्षण कायम राहते. सुरक्षा-स्विच तार जोडून कायमचा निकामी करणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. तो स्विच बिघडल्यास बदलावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मृगापूर्वी व छाटणीच्या हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरधारकांस एकत्र बोलावून एका ट्रॅक्टरवर या तिन्ही चाचण्या करून दाखवाव्यात. अर्ध्या तासाचे हे प्रात्यक्षिक पुष्कळ शिकवून जाते. प्रत्येकाने मोजलेले आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढे तक्रार उद्भवल्यास कोणता आकडा बदलला हे लगेच कळते.

थोडक्यात, लक्षण पाहावे, मग मोजावे, आणि मोजल्यावरच सुटा भाग विकत घ्यावा. आणि काहीही झाले तरी जमिनीवर उभे राहून ट्रॅक्टर सुरू करू नये. फवारणीस एक दिवस उशीर झाला तर त्यावर काही उपाय करता येतो, चाकाखाली गेलेल्या माणसासाठी कोणताच उपाय उरत नाही.