इंजिन हवेचे वजन कसे करते?



कामगार चळवळीतल्या माणसाने इंजिनावर का बोलावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. आम्ही इंजिनिअर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते गॅरेजात आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु काही वर्षांपूर्वी एक प्रकरण युनियनकडे आले आणि त्याने आम्हांला हा विषय शिकणे भाग पाडले. एका वाहतूक कंपनीने आपल्या चालकावर पेट्रोलचोरीचा ठपका ठेवून त्याला निलंबित केले होते. पुरावा एकच : गाडीचे ॲव्हरेज तीन महिन्यांत लिटरमागे १५ किलोमीटरवरून ११ वर आले होते. चालकाने पेट्रोल काढले नसेल तर ते गेले कुठे? या प्रश्नाचे उत्तर पेट्रोलच्या टाकीत नव्हते, हवेच्या मोजमापात होते.

पेट्रोल एकटे जळत नाही. चुलीत सरपण कोंबले आणि वारा मिळाला नाही, तर धूर होतो. इंजिनाचेही तसेच आहे. १ ग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर ते काळ्या धुराच्या रूपाने वाया जाते. कमी पडले तर इंजिन अडखळते. म्हणजे पेट्रोल किती सोडावे हे ठरविण्यापूर्वी आत हवा किती आली हे कळले पाहिजे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हवा लिटरने मोजून भागत नाही, तिचे वजन कळावे लागते. ४० अंश उष्णतेच्या दुपारची एक लिटर हवा ही १० अंशांच्या पहाटेच्या एक लिटर हवेपेक्षा सुमारे दहा टक्के हलकी असते. महाबळेश्वरची हवा समुद्रकाठच्या हवेहून साधारण आठव्या हिश्शाने विरळ असते. जुन्या कार्बोरेटरला हा भेद कळत नसे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाई, तेथे दाब उतरे आणि त्या ओढीने पेट्रोल वर येई. घाट चढल्यावर हवा विरळ होई; पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नसे, आणि प्लग काळे पडत. मग मिस्त्री कान लावून, स्क्रू पाव फेरा फिरवून ते जुळवीत असे.

इंजेक्शनच्या इंजिनात हे काम यंत्रावर सोपविले आहे. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत दाबाची. येथे हवेचे वजन थेट होत नाही, हिशेबाने काढले जाते. थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरकडे जाणाऱ्या मेनिफोल्डमधला दाब एक सेन्सर मोजतो, दुसरा तेथले तापमान सांगतो. इंजिनाचे फेरे ठाऊक असतातच. १००० सीसीचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा एक लिटर हवा घेते. ३००० फेऱ्यांना मिनिटाला १५०० लिटर झाली. बाहेरच्या दाबाने सिलिंडर पुरते भरले, असे धरले तर लिटरला १.२ ग्रॅम या हिशेबाने १८०० ग्रॅम हवा, आणि तिला सुमारे १२२ ग्रॅम पेट्रोल. थ्रॉटल मिटून आतला दाब निम्मा झाला, की हवाही निम्मी आणि पेट्रोलही निम्मे. जर्मनीत बॉश कंपनीची या रीतीची यंत्रणा १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली.

दुसरी रीत झडपेची. हवेच्या वाटेत स्प्रिंग लावलेली झडप टांगलेली असते. हवा जितकी जास्त, तितकी ती उघडते, आणि तिच्या कोनावरून अंदाज मिळतो. पण झडपेला हवेचे आकारमान कळते, वजन नव्हे. म्हणून जोडीला तापमापक ठेवावा लागतो. ही रीत १९७० नंतरच्या गाड्यांत पुष्कळ चालली.

तिसरी रीत तापलेल्या तारेची. गरम चहावर आपण फुंकर घालतो तसाच हा प्रकार. हवेच्या वाटेत प्लॅटिनमची बारीक तार विजेने तापवून ठेवतात. हवा तिला थंड करते; ती ठरलेल्या उष्णतेवर टिकावी म्हणून जास्त वीज द्यावी लागते. ती वीज किती लागली, यावरून हवेचे वजन कळते. तारेच्या अशा थंड होण्याचा नियम लुई किंग या शास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडला होता. मात्र तारेवर धूळ बसली की माप चुकते. म्हणून काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर लालबुंद करून धूळ जाळून टाकीत.

शिवाय धुराच्या नळीत उरलेला ऑक्सिजन पाहणारा एक सेन्सर असतो. तो चूक दुरुस्त करतो, पण एका मर्यादेपर्यंतच; त्यापुढे इंजिनाचा दिवा लागतो.

आता त्या चालकाची गाडी. तिची रीत दाबाची होती. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि दाबाच्या सेन्सरकडे जाणारी लहानशी रबरी नळी वाकवून दाखविली. ती चिरली होती. चिरेतून बाहेरची हवा आत शिरे, सेन्सरला दाब खऱ्याहून जास्त भासे, कॉम्प्युटर हवा जास्त आली असे समजे आणि इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडी. पेट्रोल चोरीस गेले नव्हते, जळले होते. चालकाने ‘इंजिनाचा दिवा लागतो’ अशी नोंद लॉगबुकात दोनदा केली होती; ती कोणी वाचली नव्हती. नळी बदलली, ॲव्हरेज पूर्ववत झाले, ठपका मागे घेण्यात आला. निलंबनाच्या काळातला पगार मिळवायला मात्र आणखी पाच महिने भांडावे लागले.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि आपल्याकडच्या नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर बहुतांशी गेला. रस्त्याकडेच्या मिस्त्रीला लोक सांगू लागले, की तुझी विद्या आता संपली. आम्हांला तसे वाटत नाही. हवा आणि पेट्रोल यांचा मेळ घालणे हेच काम तो कानाने करीत आला आहे. त्याला दाब, तापमान आणि फेरे यांची भाषा शिकण्याची संधी हवी, आणि ती भाषा वाचणारे स्कॅनर त्याच्या आवाक्यात हवे. म्हणून युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी आम्ही वर्ग घेतो. ती चिरलेली नळी तेथे टेबलावर ठेवली आहे. आपण यावे, ती हातात घेऊन पाहावी.